पूर ओसरल्यावरचा गाळ: कंबर, काळीज आणि पाय सांभाळून कसा काढायचा

गोदेला पूर आला की नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून पाण्याचा अंदाज घेतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी शहरभर फिरते. २००८ चा सप्टेंबर, २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९ हे दिवस सराफ बाजार, भांडी बाजार, गोदाघाट आणि खाली सायखेडा-चांदोरीपर्यंत लोकांच्या लक्षात आहेत. गंगापूर धरणाचा विसर्ग कमी होतो, पाणी उतरतं, होळकर पुलावरचे बघे घरी जातात आणि दुकानांची शटर वर होतात. आत वीतभर गाळ बसलेला असतो. पाणी चढत असताना सगळे जपून असतात. कंबर धरणं, पाय कापणं, छातीत दुखणं हे प्रकार यानंतर सुरू होतात, कारण आता घाई असते आणि काम ‘नुसतं झाडून काढायचं’ वाटतं.

ते काम नुसतं झाडायचं नसतं, हे आकड्यांवरून पटेल. दहा बाय बाराच्या खोलीत चार इंच गाळ साचला तर तो ४० घनफूट होतो. आपल्याकडची माती बेसॉल्टच्या खडकातून झालेली, काळी आणि चिकण. ती पाणी धरून ठेवते. असा ओला गाळ घनफुटाला ४५ ते ५० किलो भरतो. म्हणजे त्या एका खोलीत १,८०० ते २,००० किलो माल पडलेला आहे. फावड्यावर एका वेळी पाच किलो घेतला तरी चारशेच्या आसपास फावडी झाली. प्रत्येक खेपेला कंबर वाकणार, फिरणार आणि परत सरळ होणार. माणूस आखडतो तो सहसा एखाद्या मोठ्या वजनाने नाही, या चारशे वेळा चुकीच्या वाकण्याने.

अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात दारापुढचा बर्फ असाच फावड्याने काढावा लागतो आणि त्या कामाचा तिथे नीट अभ्यास झालेला आहे. १९९० ते २००६ या १७ वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा बर्फ उपसताना दुखापत होऊन तातडीच्या विभागात आलेल्यांची संख्या वर्षाला सरासरी ११,५०० निघाली. सर्वांत जास्त दुखावलेला भाग कमरेचा, साधारण एक तृतीयांश. हृदयाच्या तक्रारी त्यामानाने थोड्या, सुमारे सात टक्के, पण मृत्यू झाले ते सगळे हृदयामुळे. ताजा भुसभुशीत बर्फ घनफुटाला जेमतेम तीन किलो असतो आणि ओला दबलेला बर्फ आठ-दहा किलो. आपला गाळ त्या ओल्या बर्फाच्याही चार-पाच पट जड. तिकडे थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, तो भाग इथे नाही. पण पावसाळी दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि हृदयाला वेगळ्या वाटेने जादा काम पडतं.

कंबर कशाने जाते

पाठीचा कणा मणक्यांचा आणि दोन मणक्यांमध्ये एक मऊ चकती. कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांवर सर्वांत जास्त भार येतो. पाठ सरळ धरणारे स्नायू कण्यापासून साधारण पाच सेंटिमीटरवर असतात, आणि फावड्यावरचा गाळ, हात लांब केले तर, साठ सेंटिमीटरवर. तागडीचा एक दांडा बारापट लांब केल्यासारखं हे आहे: पाच किलोच्या गाळाला तोलून धरायला स्नायूंना साठ किलोचा जोर लावावा लागतो, शिवाय वाकलेल्या धडाचं वजन वेगळं. तोच गाळ तीस सेंटिमीटरवर आणला की जोर निम्म्यावर येतो. वजन कमी न करता फक्त जवळ आणून एवढा फरक पडतो, म्हणून ‘अंगाजवळ धरा’ ही सूचना बाकी सगळ्या सूचनांपेक्षा मोलाची.

त्यातही सर्वांत वाईट जोडी म्हणजे वाकणं आणि पिळणं एकाच वेळी. पाय जागच्या जागी, गाळ भरलेलं फावडं हातात आणि कमरेपासून वळून मागे फेकायचं, हा प्रकार चकतीच्या बाहेरच्या वेष्टणाला तिरका ताण देतो. उसण भरते ती बहुतेक अशाच क्षणी.

आणखी एक बाब फारशी कोणी लक्षात घेत नाही. रात्रभर आडवं झोपल्यावर चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यानंतरचा पहिला तासभर वाकण्याचा ताण त्यांना जास्त लागतो. पहाटे पाचला उठून सव्वापाचला फावडं धरणं म्हणूनच बरं नाही. तासभर इकडेतिकडे फिरा, सामान हलवण्याचं आणि पाण्याच्या सोयीचं बघा, मग गाळाला हात घाला.

आत पाऊल टाकण्याआधी

मीटरच्या पेटीपर्यंत पाणी आलं असेल तर मेन स्विच बंद असेल तर बंदच राहू द्या, आणि चालू असेल तर ओल्यात उभं राहून तो बंद करायला जाऊ नका. महावितरणला कळवून बाहेरून पुरवठा तोडून घ्या. वायरमनने तपासल्याशिवाय काहीही चालू करू नका. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या माती-विटांच्या भिंती पाणी पिऊन जड आणि पोकळ झालेल्या असतात. फुगवटा किंवा ताजी भेग दिसली तर गाळ राहू दे, आधी भिंत बघून घ्या. तळघरातलं पाणी उपसायला पेट्रोल-डिझेलचा पंप लावायचा असेल तर पंप बाहेर, उघड्यावर ठेवा; त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. कोपरे, पाट्या, पोती आणि कपाटाखालची जागा लांब काठीने हलवून बघा, पुराबरोबर आलेला साप कोरड्या कोपऱ्यात बसलेला असतो. चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, तो हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालय गाठा.

यानंतर ठरवायचं ते गाळ कुठे टाकायचा. हे आधी ठरलं नाही तर तोच गाळ दोनदा उचलावा लागतो, म्हणजे चारशेची आठशे फावडी. दारापासून जवळ, पण गटाराच्या तोंडावर किंवा चेंबरवर नाही, आणि जेसीबी किंवा महापालिकेची गाडी पोचेल अशा बाजूला ढीग करा. गाळ गटारात लोटला तर पुढच्या सरीला तेच पाणी परत तुमच्या दारात येईल.

उचलू नका, आधी ढकला

गाळ ओला असतानाच काढा. दोन दिवस उन्हात राहिला की तो फरशीला धरतो, कुदळ लागते आणि वाळल्यावर उडणारी धूळ छातीत जाते. ओल्या गाळावर पाणी मारून तो डाळीच्या आमटीइतका पातळ केला तर रुंद रबरी वायपरने किंवा फळीला दांडा ठोकून केलेल्या लोटणीने निम्म्याहून जास्त माल न उचलता दाराबाहेर जातो. उतार दाराकडे असेल तर आतून बाहेर काम करा. ढकलताना हातांनी जोर लावू नका. दांडा पोटाजवळ घ्या, एक पाय मागे टेकवा आणि अंगाचं वजन पुढे टाका.

घट्ट थरासाठी अवजार लागतं. आपलं नेहमीचं फावडं म्हणजे पातं दांड्याला काटकोनात. ते ओढायला उत्तम, पण दांडा दोन-अडीच फुटांचा असला तर माणूस तासन्‌तास दुमडलेला राहतो. गाळासाठी चार फुटांचा दांडा बसवून घ्या. ओढताना पुढच्या पायावरचं वजन मागच्या पायावर न्या, त्या हालचालीनेच फावडं येतं, दंडाचा जोर कमी लागतो. पातं नडगीकडे येतं, म्हणून पाय पात्याच्या रेषेत ठेवू नका, थोडे बाजूला ठेवा. दोन माणसांत निदान दोन दांड्यांचं अंतर असू द्या. दांडा पात्यात हलत असेल तर पाचर ठोका; नुसतं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्यानेही लाकूड फुगून घट्ट बसतं, मात्र ते वाळलं की परत ढिलं होतं.

उचलून टाकायला सरळ पात्याचा, लांब दांड्याचा बेलचा बरा. उभा धरला तर दांडा छातीपर्यंत यावा. पातं लहान घ्या. मोठ्या पात्याने काम लवकर होतं हा भ्रम आहे. मोठं पातं आपोआप मोठं भरतं. एक हात दांड्याच्या टोकाला, दुसरा पात्याजवळ. गुडघे वाकवा, कुल्ले मागे न्या, पाठ लांब आणि सरळ ठेवा. बेलचा अर्धाच भरा.

चिकण गाळात इथे एक अडचण येते. पातं आत जातं, पण वर ओढलं की गाळ ते धरून ठेवतो, कारण पात्याखाली हवा शिरत नाही. अशा वेळी हिसका मारणं म्हणजे उसणीला आमंत्रण. दांडा डावी-उजवीकडे दोनदा हलवा, बाजूने हवा शिरू द्या, मग पातं आडवं सरकवत बाहेर काढा. पात्याला गाळ चिकटून सुटत नसेल तर दर थोड्या वेळाने ते बादलीतल्या पाण्यात बुडवा किंवा कोरडं करून तेलाचा हात फिरवा. चिकटलेला गाळ झटकण्यासाठी हवेत केलेले झटके खांद्याला फार महागात पडतात.

टाकायचं असेल त्या दिशेला पायांसकट वळा. पायाचा अंगठा, गुडघा आणि नाक एकाच दिशेला असलं की कमरेला पीळ बसत नाही. खांद्यावरून मागे कधीही फेकू नका. आणि दर पंधरा-वीस फावड्यांनी हात बदला, उजव्याचा डावा करा. सुरुवातीला वेडंवाकडं वाटतं, पण पाठीच्या एकाच बाजूवर दिवसभर मार बसत नाही.

घमेलं

घमेल्यात काठोकाठ ओला गाळ भरला तर ते सहज अठरा-वीस किलोंवर जातं. निम्म्यापेक्षा थोडं जास्त, म्हणजे दहा-बारा किलोंवर थांबा. खेपा वाढतील, वाढू द्या. रिकामं घमेलं जमिनीवर ठेवून भरण्याऐवजी दोन-तीन विटांवर किंवा पाटावर ठेवा, म्हणजे उचलताना पूर्ण खाली जावं लागत नाही. भरणारा आणि उचलणारा वेगळा असेल तर दोघांनी दोन कड्यांना धरून एकदम उचला; ‘हं’ म्हणून इशारा ठरवून घ्या, कारण एकाने आधी उचललं की सगळा भार त्याच्याच मनगटावर येतो. डोक्यावर वाहण्याची सवय असलेल्यांनी चुंबळ घेऊन वाहावं. ज्यांना सवय नाही त्यांनी त्या दिवशी शिकू नये, ओल्या पायऱ्यांवर तर नाहीच.

नातेवाईक, शेजारी, मंडळाची पोरं जमली की घमेल्यांची साखळी लागते. कल्पना चांगली, पण सगळे एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले की प्रत्येक जण डावीकडून घेतो आणि उजवीकडे देतो, म्हणजे शेकडो वेळा नुसता पीळ. त्याऐवजी समोरासमोर दोन ओळी करा, दोन्हीकडची माणसं एकाआड एक येतील अशी. घमेलं नागमोडी जातं, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला फक्त थोडं तिरकं बघावं लागतं. हात पूर्ण ताणावा लागत असेल तर अंतर जास्त आहे, एक माणूस वाढवा. दर वीस मिनिटांनी जागा बदला. फावडं धरणारा साखळीत, साखळीतला वायपरवर.

कमरेला पट्टा बांधून जास्त वजन झेपतं असं बऱ्याच जणांना वाटतं. पट्टा इजा टाळतो याला भक्कम पुरावा नाही, उलट तो बांधल्यावर माणूस घमेलं जास्त भरतो. पट्ट्याचे पैसे लांब दांड्यात घाला.

छाती आणि दम

फावड्याचं काम मुख्यतः हातांचं. तेवढाच श्रम पायांनी केला तर नाडी जितकी वाढते त्यापेक्षा हातांनी केल्यावर जास्त वाढते, रक्तदाबही जास्त चढतो. त्यात वजन उचलताना श्वास रोखला की दाब क्षणभर आणखी उसळतो. ओला बर्फ उपसणाऱ्या निरोगी तरुणांची नाडी मोजली तेव्हा अवघ्या दोन मिनिटांत ती व्यायामासाठी सांगितलेल्या वरच्या मर्यादेच्या पलीकडे गेली होती. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने हा हिशेब स्वतःसाठी करून बघावा.

उचलताना श्वास सोडा. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं बसून विश्रांती. शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. दर विश्रांतीला ग्लासभर पाणी, मधूनच मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस. भरपेट मिसळ खाऊन लगेच फावडं धरू नका. बिडी, तंबाखू नाडी वाढवते आणि रक्तवाहिन्या आकसवते. विश्रांतीला तीच ओढली तर विश्रांती झालीच नाही. गाळात काम म्हणून ‘दोन घोट’ घेणाऱ्यांना तोल, तहान आणि दमाचा अंदाज तिन्ही राहत नाहीत.

स्टेंट बसवलेले, हृदयविकाराचे, रक्तदाब आटोक्यात नसलेले, हर्निया किंवा नुकतं ऑपरेशन झालेले, गरोदर स्त्रिया यांनी फावड्याला हात लावू नये. त्यांना दुसरं भरपूर काम आहे: विम्यासाठी गाळ काढण्याआधीचे फोटो काढणं, पंचनाम्याला माणूस बोलावणं, चहा-पाणी, मुलांना बाहेर ठेवणं.

छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, थंड घाम, अचानक धाप, यांतलं काहीही झालं तर काम तिथेच थांबवा, माणसाला बसवा आणि १०८ ला फोन करा. आपल्याकडे यातला घात करणारा शब्द म्हणजे ‘पित्त’. सोडा पिऊन, जरा टेकून परत फावडं उचलणारे आणि घरच्यांना न सांगणारे बरेच असतात. श्रम करताना सुरू झालेलं आणि थांबल्यावर कमी झालेलं दुखणं पित्ताचं धरून चालू नका. मधुमेह्यांना तर छातीत न दुखता नुसती धाप किंवा घाम येऊनही झटका असू शकतो.

पाय आणि हात

गुडघ्याखालपर्यंतचे रबरी गमबूट, आत मोजे. चपलेवर किंवा अनवाणी नाही. गाळात फुटलेल्या काचा, पत्रे, खिळे दिसत नाहीत. बूट गाळात रुतला तर सरळ वर ओढू नका, गुडघा दुखावतो. आधी टाच उचला, पाऊल थोडं फिरवा, हवा शिरली की पाय सुटतो. हातमोजे रबराचा थर असलेले घ्या, नुसते कापडी मोजे भिजले की आत फोड येतात आणि दांडाही निसटतो.

काम संपल्यावर, आणि मधल्या सुट्टीतही, पाय साबणाने धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. दिवसभर ओलं राहिल्याने चिखल्या होतात आणि त्या भेगांतून जंतू आत जायला वाट मिळते. मधुमेह्यांच्या तळव्याला काच रुतलेली कळत नाही, त्यांनी स्वतःच्या बघण्यावर विसंबू नये, दुसऱ्याकडून तळवे तपासून घ्यावेत. घाणीत जखम झाली तर वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं किंवा त्याहून जुनं असेल तर पुन्हा घ्या.

दुसऱ्या दिवशीचं अंग

अंग सर्वांत जास्त ठणकतं ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत. त्याला घाबरण्यासारखं काही नाही. हलकं चालणं, शेक आणि एक दिवस फावड्यापासून सुट्टी. उसण भरली असेल तर आठवडाभर अंथरुणाला खिळून राहिल्याने ती लांबते. झेपेल तेवढं हिंडत-फिरत राहा. पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेण्याची जुनी रीत अजून काही घरांत आहे. चकती सरकलेली असेल तर तो धक्का नसेवर जाऊ शकतो, तेव्हा ती रीत राहू द्या.

कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पावलात जोर राहिला नसेल तर डॉक्टर गाठा. मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा लघवी अडणं हे तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं लक्षण. एका रात्रीचा उशीरही नसेला कायमचा भोवू शकतो. लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर स्नायू झिजून मूत्रपिंडावर भार आलेला असतो, तिथेही थांबू नका.

ताप मात्र उशिरा येतो. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस साधारण पाच ते चौदा दिवसांनी, कधी महिन्याभरानेही उगवतो: ताप, पोटऱ्यांत सडकून दुखणं, लाल डोळे, पुढे कावीळ. गाळात काम केलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्यायची का ते विचारा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ते सहसा देत नाहीत, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणून घरभर वाटू नका. आणि महिन्याभरात ताप आलाच, तर साधा व्हायरल म्हणून गोळी घेण्याआधी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की पुराच्या गाळात काम केलं होतं. तपासणी कोणती करायची हे त्यावरून ठरतं.